विद्यापीठ, पेटंट आणि विश्वस्ताचे कर्तव्य

जानेवारी १९२३ मध्ये टोरांटो विद्यापीठातील फ्रेडरिक बँटिंग, चार्ल्स बेस्ट आणि जेम्स कॉलिप यांनी इन्सुलिनच्या पेटंटचे हक्क प्रत्येकी एक डॉलर घेऊन विद्यापीठाच्या स्वाधीन केले. त्यागाची कथा म्हणून हा प्रसंग नेहमी सांगितला जातो आणि ती तशी आहेच. पण हक्क हाती आल्यावर विद्यापीठाने त्यांचे काय केले, याकडे फारसे कोणी वळत नाही. टोरांटोने एक इन्सुलिन समिती नेमली. एली लिली या अमेरिकी कंपनीला मोठ्या प्रमाणावर उत्पादन जमवता यावे म्हणून सुरुवातीचा ठरावीक काळ तेवढा एकाधिकार दिला आणि पुढे इतर उत्पादकांसाठीही दार उघडे ठेवले. ब्रिटनमधले हक्क तिथल्या वैद्यकीय संशोधन परिषदेकडे सोपवले, तर डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोग यांना स्कँडिनेव्हियात इन्सुलिन तयार करण्याची मुभा दिली. बाजारात जाणाऱ्या औषधाची ताकद आणि शुद्धता तपासण्याचा अधिकार मात्र समितीने स्वतःकडे ठेवला. दुसऱ्या कोणी पेटंट घेऊन सगळ्यांची अडवणूक करू नये आणि कमअस्सल इन्सुलिन रुग्णाच्या शरीरात जाऊ नये, हा पेटंट घेण्यामागचा हेतू होता. स्वामित्वधन आले आणि ते संशोधनासाठी वापरलेही गेले; पण परवाना कोणाला आणि कोणत्या अटींवर द्यायचा, हे त्या पैशाने ठरवले नाही.

या शंभर वर्षांपूर्वीच्या व्यवहारात एक सूत्र आहे आणि ते आज अनेक विद्यापीठांच्या हातून सुटत चालले आहे. प्राध्यापकांच्या संशोधनातून निर्माण होणाऱ्या पेटंटचे विद्यापीठ हे विश्वस्त आहे. विश्वस्ताला पैसा मिळवायला बंदी नसते, पण ज्यांच्यासाठी मालमत्ता सांभाळायची त्यांच्या हिताआड स्वतःची गरज येऊ द्यायची नसते. म्हणून परवान्याच्या अटी ठरवण्याचे काम आणि विद्यापीठाची उत्पन्नाची निकड या दोन गोष्टींची फारकत झाली पाहिजे. ज्या विद्यापीठाचा अर्थसंकल्प पेटंटच्या पैशावर टेकलेला असतो, त्याला अटी ठरवण्याचे स्वातंत्र्य उरत नाही. पेटंट घेण्यात मुळातच काही वावगे आहे, असे मी म्हणत नाही. पेटंटवर अवलंबून राहण्यात धोका आहे, आणि हिशेबाच्या दृष्टीने पाहिले तरी ते अवलंबित्व शहाणपणाचे ठरलेले नाही.

पेटंटचा कारभार विद्यापीठापासून वेगळ्या संस्थेकडे दिला की हा प्रश्न सुटतो, असे काहींना वाटते. विस्कॉन्सिनचा अनुभव पाहिला तर ते तितके सोपे नाही. तिथल्या विद्यापीठातले प्राध्यापक हॅरी स्टीनबॉक यांना १९२३-२४ च्या सुमारास आढळले की अन्नपदार्थांवर अतिनील किरण सोडले तर त्यात ड जीवनसत्त्व निर्माण होते. लहान मुलांच्या हाडांना विळखा घालणाऱ्या मुडदुसावर हा साधा आणि स्वस्त उपाय होता. स्टीनबॉक यांनी पदरचे ३०० डॉलर खर्चून पेटंटसाठी अर्ज केला. क्वेकर ओट्स कंपनी सुमारे दहा लाख डॉलर देऊ करत असताना त्यांनी हक्क तिला विकले नाहीत आणि १९२५ मध्ये माजी विद्यार्थ्यांच्या मदतीने विस्कॉन्सिन अॅलम्नाय रिसर्च फाउंडेशन ही स्वतंत्र संस्था उभी राहिली. पेटंट सांभाळायचे, परवाने द्यायचे, आलेला पैसा गुंतवायचा आणि त्याचे उत्पन्न विद्यापीठातील संशोधनाला द्यायचे, अशी ही रचना होती. १९३० च्या दशकातल्या महामंदीत याच पैशाने अनेक संशोधकांना तगवले. आज अब्जावधी डॉलरची गंगाजळी असलेली ही संस्था जगभर आदर्श मानली जाते. आर्थिक शिस्तीचा तिचा धडा खरोखर घेण्याजोगा आहे: पेटंटचे उत्पन्न चालू खर्चात विरघळू न देता त्याची कायम ठेव करावी आणि ठेवीच्या परताव्यावर संशोधन चालवावे.

पण याच संस्थेने मार्गारीन उत्पादकांना ही प्रक्रिया वापरायचा परवाना नाकारला. विस्कॉन्सिन हे दुधालोण्याचे राज्य, मार्गारीन हा लोण्याचा स्वस्त प्रतिस्पर्धी, आणि स्थानिक दुग्धव्यवसायाला झळ लागू नये अशी तिथली भूमिका होती. लोणी ज्यांना परवडत नव्हते, तीच कुटुंबे मार्गारीन खात होती आणि मुडदूसही त्यांच्याच मुलांना अधिक होता. १९४५ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने ही पेटंटे अवैध ठरवली. निर्णयाचा पाया पेटंट कायद्याचा होता. तरी गरिबांच्या अन्नाला ही प्रक्रिया नाकारण्याचा सार्वजनिक आरोग्यावर काय परिणाम होतो, याची नोंद न्यायालयाने मुद्दाम घेतली. संस्था वेगळी केली म्हणजे ती आपोआप विश्वस्तासारखी वागते असे नाही, हे इथे स्पष्ट होते. लाभार्थी कोण आणि कोणाला डावलता येणार नाही, हे तिच्या नियमांत लिहिलेले नसेल तर जवळच्या वजनदार गटाचे हित लोकहिताच्या नावाखाली आत शिरते.

याउलट स्टॅनफर्डचे उदाहरण पाहावे. स्टॅन्ले कोहेन आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचे हर्बर्ट बॉयर यांनी एका जिवाचा डीएनए दुसऱ्यात जोडून वाढवण्याची पद्धत शोधली आणि नोव्हेंबर १९७३ मध्ये ती प्रसिद्धही करून टाकली. स्टॅनफर्डच्या परवाना कार्यालयाचे नील्स रायमर्स यांना या शोधाचे महत्त्व कळले ते मे १९७४ मध्ये, न्यूयॉर्क टाइम्समधल्या बातमीवरून. अमेरिकी कायद्यात प्रसिद्धीनंतर अर्जासाठी एक वर्षाची सवलत होती. ती संपायला जेमतेम आठवडा उरला असताना, ४ नोव्हेंबर १९७४ रोजी अर्ज दाखल झाला. बहुतेक देशांत अशी सवलत नसल्याने अमेरिकेबाहेरचे हक्क तोवर गेलेले होते. पहिले पेटंट डिसेंबर १९८० मध्ये मिळाले. आता विद्यापीठापुढे दोन वाटा होत्या: एका बड्या कंपनीला सगळे हक्क देऊन मोठी रक्कम घ्यायची किंवा मागेल त्याला माफक दरात परवाना द्यायचा. स्टॅनफर्डने दुसरी वाट धरली. सुरुवातीला दहा हजार डॉलर, दरवर्षी तेवढेच शुल्क आणि विक्रीवर अल्प टक्केवारी अशा अटी होत्या. शैक्षणिक संशोधनाला मात्र ही पद्धत मोकळी ठेवली. १९९७ मध्ये पेटंटची मुदत संपेपर्यंत ४६८ कंपन्यांनी परवाने घेतले आणि सुमारे २५.५ कोटी डॉलर जमा झाले. अख्खा जैवतंत्रज्ञान उद्योग या पद्धतीवर उभा राहिला. दार सर्वांना उघडे ठेवल्याने उत्पन्न घटते, ही समजूत निदान सर्वत्र लागू पडणाऱ्या मूलभूत तंत्रांच्या बाबतीत खोटी ठरली.

उत्पन्नाची सवय लागलेले विद्यापीठ कसे वागते, हे कोलंबियाच्या उदाहरणात दिसते. पेशीत परका जनुक घालण्याच्या, रिचर्ड अॅक्सेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पद्धतीवरील पेटंटांनी कोलंबिया विद्यापीठाला सुमारे ७९ कोटी डॉलर मिळवून दिले. २००० साली मुदत संपत आली तेव्हा विद्यापीठाने ती कायद्याने वाढवून मिळावी म्हणून अमेरिकी काँग्रेसमध्ये प्रयत्न केले. ते फसले. मग २००२ मध्ये त्याच मूळ अर्जाच्या धाग्यातून विद्यापीठाला एक नवे पेटंट मिळाले आणि कंपन्यांकडे पुन्हा स्वामित्वधनाची मागणी सुरू झाली. कंपन्या न्यायालयात गेल्या. अखेर २००४ मध्ये कोलंबियाने त्यांच्यावर हे पेटंट बजावणार नाही अशी हमी देऊन माघार घेतली. पेटंट ही समाजाने संशोधकाला ठरावीक मुदतीसाठी दिलेली सवलत असते आणि मुदत संपली की ज्ञान सर्वांचे होते, हा त्यातला करार आहे. ज्ञानदान हेच ज्या संस्थेचे प्रयोजन, तिनेच हा करार मोडू पाहावा, यामागे वाईट माणसे शोधण्याचे कारण नाही. दरवर्षी येणारा पैसा खर्चात बांधला गेला की तो थांबण्याची भीती चांगल्या माणसांकडूनही असे निर्णय करवून घेते.

शिवाय असे घबाड किती जणांच्या वाट्याला येते? अमेरिकेत १९८० मध्ये बे-डोल कायदा झाला आणि सरकारी अनुदानातून झालेल्या संशोधनाची पेटंटे विद्यापीठांना स्वतःकडे ठेवता येऊ लागली. त्यानंतर जवळजवळ प्रत्येक विद्यापीठाने तंत्रज्ञान हस्तांतरणाचे कार्यालय काढले. ब्रुकिंग्ज संस्थेने २०१३ मध्ये या कार्यालयांचा ताळेबंद मांडला. २०१२ साली माहिती देणाऱ्या १५५ विद्यापीठांपैकी १३० विद्यापीठांचे परवाना-उत्पन्न कार्यालयातील पगार आणि पेटंटचा कायदेशीर खर्च भागवण्याइतकेही नव्हते. एकूण उत्पन्नातला निम्मा वाटा आठ विद्यापीठांकडे गेला होता. म्हणजे बहुतेकांसाठी पेटंट कार्यालय हे खर्चाचे खाते आहे आणि ज्यांना मिळते त्यांनाही बहुधा एखाद्याच औषधातून किंवा एखाद्याच पद्धतीतून मिळते. कोणत्या प्रयोगशाळेतून आणि कोणत्या वर्षी असा शोध निघेल हे कोणालाच सांगता येत नाही. अशा लहरी उत्पन्नावर प्राध्यापकांचे पगार किंवा वसतिगृहांची दुरुस्ती अवलंबून ठेवणे कोणत्याही वित्त अधिकाऱ्याला पटणार नाही.

परवान्याच्या अटी ठरवताना पुढचा विचार केला नाही तर त्याची किंमत कोण मोजते, हे येल विद्यापीठाच्या बाबतीत दिसले आणि त्या घटनेचा मुंबईशी थेट संबंध आहे. स्टॅव्हुडीन हे रसायन १९६० च्या दशकात एका कर्करोग संशोधन संस्थेत तयार झाले होते. एचआयव्हीवर ते उपयोगी पडते, हे येलचे विल्यम प्रूसॉफ आणि त्यांचे सहकारी ताई-शून लिन यांनी दाखवून दिले. येलने पेटंट घेऊन ब्रिस्टल-मायर्स स्क्विब कंपनीला एकाधिकार परवाना दिला. २००१ साली दक्षिण आफ्रिकेत एड्सने थैमान घातले होते आणि औषधांचा वर्षाचा खर्च माणशी दहा हजार डॉलरच्या पुढे होता. त्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा एकत्रित उपचार, ज्यात स्टॅव्हुडीनही होते, वर्षाला ३५० डॉलरमध्ये देण्याची तयारी दाखवली. पण दक्षिण आफ्रिकेत स्टॅव्हुडीनचे पेटंट येलच्या नावावर होते. 'सीमाविरहित डॉक्टर' या संघटनेने विद्यापीठाला पत्र लिहिले तेव्हा पहिले उत्तर असे मिळाले की परवाना कंपनीकडे आहे, आमचे हात बांधलेले आहेत. येलच्या विद्यार्थ्यांनी आवाज उठवला, स्वतः प्रूसॉफ यांनी आपले औषध गरिबांपर्यंत पोचावे अशी जाहीर भूमिका घेतली आणि मार्च २००१ मध्ये कंपनीने दक्षिण आफ्रिकेत पेटंट न बजावण्याचे जाहीर केले. जे काही आठवड्यांच्या जाहीर दबावाने साधले, ते मूळ परवान्यातल्या एका कलमाने आधीच साधता आले असते. हात बांधलेले होते हे खरे, पण ते बांधून घेणाऱ्या कागदावर विद्यापीठानेच सही केली होती.

या धड्यानंतरही काय घडू शकते, याचे उदाहरण लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचे आहे. प्रोस्टेटच्या कर्करोगावरील एन्झालुटामाइड हे औषध तिथे सरकारी अनुदानातून शोधले गेले. २०१६ मध्ये त्याच्या भावी स्वामित्वधनाचा हक्क रॉयल्टी फार्मा या कंपनीला ११४ कोटी डॉलरला विकला गेला आणि विद्यापीठाच्या वाट्याला सुमारे ५२ कोटी आले. त्याच वर्षी भारतीय पेटंट कार्यालयाने या औषधावरील अर्ज फेटाळला आणि विद्यापीठाने त्या निर्णयाला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. भारतातील रुग्णांना स्वस्त पर्याय मिळण्याच्या आड एक सार्वजनिक विद्यापीठ उभे राहिले, हे पाहून त्याच विद्यापीठातले विद्यार्थी अस्वस्थ झाले. भावी स्वामित्वधन एकरकमी विकणे हा आर्थिकदृष्ट्या सावध व्यवहार आहे, कारण औषध उद्या मागे पडले तरी विद्यापीठाचे नुकसान होत नाही. पण त्या पैशाचा हक्कदार गुंतवणूकदार झाला की औषधाची किंमत चढी राहण्यात त्याचे हित असते आणि अटी सैल करण्याची विद्यापीठाची शक्ती आणखी आक्रसते. विश्वस्ताने असा व्यवहार करायचाच असेल तर गरीब देशांतील हक्क आणि अटी आधी बाजूला काढून ठेवायला हव्यात.

या भूमिकेवरचा पहिला आक्षेप पैशाचा आहे. सरकारी अनुदाने आटत आहेत, मंजूर पदे भरली जात नाहीत, प्रयोगशाळेत रसायने घ्यायला निधी नाही. मग विद्यापीठाने स्वतःच्या शोधांतून का कमवू नये? हा प्रश्न खरा आहे, पण त्यावर पेटंट हे उत्तर नाही. वर दिलेला ताळेबंद जगातील सर्वाधिक संशोधन-निधी असलेल्या देशाचा आहे. तिथे बहुसंख्य विद्यापीठांना तोंडमिळवणी करता येत नसेल, तर त्याच्या अंशाइतक्या निधीवर चालणाऱ्या विद्यापीठांना ती साधेल ही अपेक्षा कशाच्या बळावर करायची? आडात नाही तर पोहऱ्यात येणार कुठून? मूलभूत संशोधनाला वर्षानुवर्षे पैसा मिळाला तेव्हा कुठे कोहेन-बॉयर पद्धत जन्माला आली. पेटंटच्या उत्पन्नाची आशा दाखवून अनुदान कमी करणे म्हणजे झऱ्याचे तोंडच बुजवणे आहे. शिवाय उत्पन्नाचे लक्ष्य समोर ठेवले की विभागांची रचनाही बदलते: लवकर विकले जाईल अशा विषयाला माणसे आणि जागा मिळते, तर भाषा, गणित, इतिहास किंवा वनस्पतींचे वर्गीकरण हे विषय ओझे वाटू लागतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. औषधाचा रेणू प्रयोगशाळेत सापडला म्हणजे औषध झाले नाही. चाचण्यांना वर्षे आणि अफाट पैसा लागतो. एकाधिकाराची हमी नसेल तर कोणती कंपनी ती जोखीम घेईल? हा युक्तिवाद अनेक ठिकाणी योग्य आहे. टोरांटोनेही सुरुवातीला काही काळ एकाधिकार दिला होता. पण एकाधिकार द्यायचा की नाही आणि तो बिनशर्त द्यायचा की अटींवर, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपल्याकडचे उदाहरण घ्या. रोटाव्हायरसमुळे होणाऱ्या अतिसारावरील लशीचा विषाणू दिल्लीच्या एम्समध्ये महाराजकृष्ण भान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओळखला. भारत बायोटेकने देशी-विदेशी संस्थांच्या मदतीने लस विकसित केली, एका मात्रेची किंमत एक डॉलर ठेवण्याची बांधिलकी कंपनीने आधीच स्वीकारली होती आणि २०१६ पासून ती लस देशाच्या लसीकरण कार्यक्रमात आली. आफ्रिकेतील मेंदूज्वरावरची मेनआफ्रिव्हॅक ही लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केली. तिचे कळीचे तंत्र अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेतून परवान्याने आले होते आणि मात्रा ५० सेंटपेक्षा कमी दराने देण्याचे ठरले होते. २०१० च्या डिसेंबरात बुर्किना फासोमध्ये मोहीम सुरू झाली. ऑक्सफर्डने २०२० मध्ये करोना लशीचे हक्क अॅस्ट्राझेनेकाला दिले तेव्हा खुल्या परवान्याचा आधीचा मनोदय सोडला म्हणून टीका झाली आणि ती रास्त होती. तरी महासाथीच्या काळात नफा न घेण्याची अट त्या करारात होती, म्हणूनच कोविशील्ड आपल्याला परवडणाऱ्या दरात मिळू शकली. किमतीची अट घातली म्हणून कंपन्या पळून जातात, हे या तिन्ही उदाहरणांत घडलेले नाही. अट घालण्यासाठी लागते ती विद्यापीठाच्या बाजूने बसणाऱ्याची तयारी आणि रिकाम्या हाताने उठण्याची मुभा. उत्पन्नाचे लक्ष्य डोक्यावर असलेल्या अधिकाऱ्याला ती मुभा नसते.

तिसरा आक्षेप संशोधकाच्या बाजूने येतो. बुद्धी त्याची, कष्ट त्याचे, मग फळ विद्यापीठाने का घ्यावे? संशोधकाला वाटा मिळायलाच हवा. स्टॅनफर्डची जुनी पद्धत सुटसुटीत आहे: कार्यालयाच्या खर्चासाठी पंधरा टक्के काढून उरलेल्याचे तीन समान भाग, एक संशोधकाला, एक त्याच्या विभागाला आणि एक त्याच्या विद्याशाखेला. पण हा वाटा आधी लेखी ठरलेला असावा लागतो. २०११ मध्ये स्टॅनफर्डलाच याचा फटका बसला. एचआयव्ही मोजण्याच्या चाचणीवर काम करणाऱ्या त्यांच्या संशोधकाने विद्यापीठाला हक्क पुढे देण्याचे वचन लिहून दिले होते. पण तंत्र शिकण्यासाठी तो सिटस कंपनीत गेला तेव्हा तिथल्या कागदावर त्याने हक्क त्याच क्षणी देऊन टाकले. सिटसचे हक्क पुढे रोश कंपनीकडे गेले; अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रोशच्या बाजूने निकाल दिला आणि सरकारी पैसा वापरला म्हणून शोध आपोआप विद्यापीठाचा होत नाही, असे स्पष्ट केले. आपल्या संशोधन प्रकल्पांत पीएचडीचे विद्यार्थी असतात आणि ते विद्यापीठाचे नोकर नसतात. त्यांच्याशी प्रकल्पाआधी करार न करता नंतर अर्जात मार्गदर्शकाचे नाव वर आणि विद्यार्थ्याचे नाव गाळलेले, असे होता कामा नये. त्याचप्रमाणे ज्या प्राध्यापकाचे परवानाधारक कंपनीत समभाग आहेत, त्याने परवान्याच्या निर्णयात विद्यापीठाच्या बाजूने बसू नये. वाटा घेणे आणि अटी ठरवणे ही कामे इथेही वेगळीच हवीत.

चौथा आक्षेप दुसऱ्या टोकाचा आहे: जनतेच्या पैशातून झालेले सगळे संशोधन सरळ प्रसिद्ध करावे, पेटंट घेऊच नये. बऱ्याच संशोधनाबाबत हे म्हणणे बरोबर आहे. प्रसिद्धी हे स्वतःच एक संरक्षण असते. १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद वापरण्याचे अमेरिकी पेटंट मिळाले तेव्हा रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने जुने ग्रंथ आणि छापील शोधनिबंध पुढे ठेवून ते १९९७ मध्ये रद्द करून घेतले. जे लिहून प्रसिद्ध झालेले असते, ते दुसऱ्याला बळकावता येत नाही. पण इन्सुलिनसारख्या वस्तूत दर्जावर देखरेख हवी असते, आणि मूळ शोध मोकळा सोडला तरी त्यात छोटी सुधारणा करून कंपनी त्या सुधारणेवर मक्ता मिळवू शकते. तिथे पेटंट हाती असलेले विद्यापीठ अटी घालू शकते, नसलेले घालू शकत नाही. म्हणून प्रत्येक शोधाला एकच मोजपट्टी लावण्यापेक्षा प्रश्न विचारावा: हे ज्ञान वापरणाऱ्यांपर्यंत लवकर आणि स्वस्तात कोणत्या मार्गाने पोचेल?

भारतातील विद्यापीठांमधला दोष याच प्रकारचा आहे, फक्त त्याचे रूप वेगळे आहे. बे-डोल कायद्याच्या धर्तीवरचे एक विधेयक २००८ मध्ये राज्यसभेत मांडले गेले आणि पुढे मागे घेतले गेले. त्यानंतर कायदा झाला नाही, पण संख्येची स्पर्धा सुरू झाली. राष्ट्रीय मानांकनात म्हणजे एनआयआरएफमध्ये मंजूर पेटंटांबरोबर नुसत्या प्रसिद्ध झालेल्या अर्जांनाही गुण आहेत. २०२१ मध्ये शैक्षणिक संस्थांना पेटंट शुल्कात ऐंशी टक्के सवलत मिळाली. सवलत स्वागतार्हच आहे. पण या दोन्हींचा एकत्र परिणाम समजून घ्यायला अर्जाचा प्रवास पाहावा लागतो. अर्ज दाखल झाला की अठरा महिन्यांनी तो आपोआप प्रसिद्ध होतो. वेगळे शुल्क भरून विनंती केली तर त्याआधीच होतो. या टप्प्यावर शोध नवा आहे की नाही, हे कोणीही तपासलेले नसते. तपासणीसाठी वेगळी विनंती मुदतीत करावी लागते, न केल्यास अर्ज मागे घेतला असे मानले जाते. मंजुरीनंतरही तिसऱ्या वर्षापासूनचे नूतनीकरण शुल्क भरत राहावे लागते, नाही तर पेटंट गळून पडते. म्हणजे अर्ज प्रसिद्ध होताच संस्थेला गुण मिळाले आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या तिने सोडून दिल्या तरी अहवालात पेटंट झळकते. अशा खोगीरभरतीत खरोखर मोलाचा शोध हरवून जातो, कारण त्याचा दावा नीट लिहायला, परवानाधारक शोधायला आणि शुल्क भरत राहायला लागणारा वेळ आणि पैसा शंभर निरुपयोगी अर्जांत वाटला गेलेला असतो. परदेशात उत्पन्नाचे लक्ष्य विद्यापीठाची नजर लोकहितावरून हटवते. आपल्याकडे संख्येचे लक्ष्य तेच करते.

यावरचे उपाय अवघड नाहीत. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम २०१६ नुसार विद्यापीठांत नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य मंडळ आहे आणि वार्षिक अर्थसंकल्प व लेखे अधिसभेपुढे येतात. याच चौकटीत पेटंटचे स्वतंत्र विवरण दरवर्षी अधिसभेपुढे ठेवावे: किती अर्ज केले, किती तपासणीला गेले, किती मंजूर झाले, किती सोडून दिले, किती परवाने दिले, त्यातले एकाधिकाराचे किती, खर्च किती आणि उत्पन्न किती. पेटंटचे उत्पन्न चालू अर्थसंकल्पात अंदाजित जमा म्हणून कधीही धरू नये. संशोधकाचा वाटा आणि खर्च वजा जाता उरलेली रक्कम कायम ठेवीत जावी. परवाने सर्वसाधारणपणे सर्वांना खुले असावेत. एकाधिकार द्यायचा तर उपयोगाचे क्षेत्र, मुदत आणि टप्पे बांधून द्यावा आणि टप्पे न गाठल्यास तो परत घेता यावा. औषध, लस, बियाणे आणि पाणी यांच्याशी निगडित प्रत्येक परवान्यात सरकारी खरेदीच्या किमतीची आणि गरीब देशांना मुभा देण्याची अट असावी. परवाना अधिकाऱ्याची बढती उत्पन्नावर किंवा अर्जांच्या संख्येवर ठरू नये. आणि मानांकन करणाऱ्यांनी प्रसिद्ध अर्जांचे गुण काढून टाकून प्रत्यक्ष वापरात आलेल्या परवान्यांना द्यावेत.

हे सगळे केल्यावर विद्यापीठाला पैसा मिळेल का? कधी मिळेल, बहुधा मिळणार नाही, आणि धोरण ठरवताना हे आधीच मान्य केले पाहिजे. विद्यापीठात होणाऱ्या संशोधनाचा खर्च समाजाने आधीच भरलेला असतो: करातून, विद्यार्थ्यांच्या शुल्कातून आणि संशोधकांनी कमी पगारावर दिलेल्या वर्षांतून. तो खर्च दुसऱ्यांदा वसूल करणे हे विद्यापीठाचे काम नाही. जे हाती आले ते ज्यांना हवे त्यांच्यापर्यंत चांगल्या स्थितीत आणि परवडणाऱ्या दरात पोचवणे हे त्याचे काम आहे. पेटंट हे त्यासाठीचे एक साधन आहे, कधी अत्यावश्यक आणि कधी अनावश्यक. ते कधी वापरायचे याचा निर्णय स्वच्छ मनाने घेता यावा, यासाठीच विद्यापीठाने आपली तिजोरी त्या निर्णयापासून दूर ठेवली पाहिजे, आणि विद्यापीठांना तसे करता यावे म्हणून ती तिजोरी सरकारने रिकामी ठेवता कामा नये.